एकोणचाळीस नंबरची तहान

पेशीपालन केंद्रात भेटीची वेळ दुपारी तीन ते चार अशी होती. तेवढ्या वेळात नातेवाईक येत, आपापल्या माणसाच्या कप्प्यासमोर काचेबाहेर उभे राहत आणि जात. पाहण्यासारखं तिथं फारसं नसे. कोमट, फिकट पिवळ्या द्रवात तरंगणारं मुठीएवढं मूत्रपिंड, त्यात शिरणाऱ्या दोन नळ्या, त्यातून निघणारी एक, आणि खाली थेंब पडला की लुकलुकणारा हिरवा दिवा. तरी लोक येत. सत्तावीस नंबरपुढे एक निवृत्त पोस्टमास्तर रोज येऊन बायकोला घरातल्या बातम्या सांगत. बायको जयसिंगपुरात घरीच डायलिसिसवर होती, तिला त्या बातम्या आधीच ठाऊक असत. बारा नंबरवाल्यांनी काचेला बाहेरून हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. केंद्रातल्या मावश्यांनी ते दोन-चारदा पुसलं आणि मग नाद सोडला.

केतकी खटावकर एकोणचाळीस नंबरपुढे उभी राहायची आणि काही बोलायची नाही. तिथं येणाऱ्या इतर सगळ्यांची माणसं जिवंत होती.

मिरजेच्या या केंद्रात माणसाच्या स्वतःच्या पेशींपासून त्याचं नवं मूत्रपिंड वाढवून देत. ज्याच्या पेशी त्याचाच अवयव, त्यामुळे शरीर तो नाकारत नाही. अडचण एकच, मूत्रपिंड पूर्ण वाढायला चार वर्षं लागत. केतकीच्या आईच्या, वैजयंतीबाईंच्या पेशी चार वर्षांपूर्वी घेतल्या होत्या. तोवर त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, वाटीनं मोजलेलं पाणी, चिमटीनं मोजलेलं मीठ. आणि नवं मूत्रपिंड तयार व्हायला जेमतेम दोन महिने उरले असताना, एका मंगळवारी सकाळी, डायलिसिसच्या खुर्चीतच त्यांचं हृदय थांबलं.

माणूस गेल्यावर मागे उरणाऱ्या अशा अवयवाला कायद्यात ‘शेषांग’ म्हणत. शेषांग दुसऱ्या रुग्णाला द्यायचं की नाही हे वारसानं ठरवायचं. केतकीनं चौदाव्या दिवशी संमतीची सही केली. त्या दोन आठवड्यांत तिनं इतक्या कागदांवर सह्या केल्या होत्या, की ही एक वेगळी अशी लक्षातही राहिली नाही. ती सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. कामावर पुन्हा रुजू झाली, पुस्तकं देऊ-घेऊ लागली. दुपारी मात्र उठून मिरजेला यायची. का, ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

सहीनंतरच्या सातव्या आठवड्यात तिथल्या मुख्य संशोधक डॉ. तस्लीम मुजावर यांनी तिला खोलीत बोलावलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाई, चष्मा कपाळावर, टेबलावर सकाळचा डबा तसाच बंद.

“बसा केतकीताई. आईच्या पथ्यपाण्याची तुम्ही दिलेली वही मी तीनदा वाचली. इतकी नीट वही माझे विद्यार्थी ठेवत नाहीत.”

“मग?”

“मग काय, किडनी मरायला लागली.”

डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला.

“सरळ बोलते, राग मानू नका. गोड बोलण्याइतकी ताकद दुपारी उरत नाही. तुमच्या वहीप्रमाणे आम्ही तिला पाणी देतोय. सकाळी सहाला शंभर मिली, आठला शंभर, दहाला शंभर, रात्रीपर्यंत सारखं. मीठ वहीप्रमाणे, झोप वहीप्रमाणे. आणि ती सुजत चालली आहे. पेशी सुटून गळायला लागल्यात. कारण ही वही पथ्याची आहे. मला तुमच्या आईची सवय पाहिजे.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते केंद्राच्या माहितीपत्रकात दोन ओळींत छापलेलं होतं आणि कुणी वाचत नसे.

मूत्रपिंड गाळणीचं काम करतं, एवढं आपल्याला शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं असतं. दोन मूत्रपिंडांत मिळून वीसेक लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्या दिवसाला एकशे ऐंशी लिटर द्रव गाळतात. तेवढा द्रव बाहेर गेला तर माणूस तासाभरात वाळून मरेल. म्हणून प्रत्येक गाळणीला एक लांब, नागमोडी नळी जोडलेली असते. त्या नळीच्या पेशी गाळलेल्यातलं जवळजवळ सगळं पाणी, सगळं मीठ परत खेचून घेतात. खरं कौशल्य गाळण्यात नसून परत घेण्यात आहे. किती परत घ्यायचं, केव्हा घ्यायचं, हे या पेशी ठरवतात. आणि ते त्या शिकतात.

पंधरा वर्षांपूर्वी पहिली मूत्रपिंडं वाढवली, तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. सगळ्यांना चोवीस तास एकसारखा द्रव दिला जाई. दिसायला निर्दोष असलेले अवयव तीन-चार महिन्यांत कोमेजून जात. मग एका रात्रपाळीच्या रखवालदाराच्या मूत्रपिंडाबाबत कुणाकडून तरी घड्याळ उलटं लागलं, रात्रीचा दिवस झाला, आणि नेमकं तेवढंच एक तरारून वाढलं. तिथून हा शोध सुरू झाला. गुणसूत्रांवर रासायनिक खुणा असतात. पुस्तकाच्या समासात वाचणाऱ्यानं पेन्सिलीनं खुणा कराव्यात तशा. मजकूर बदलत नाही, पण कुठलं पान केव्हा उघडायचं ते त्या खुणा सांगतात. माणूस वर्षानुवर्षं जसा जगतो, जेव्हा पितो, जेव्हा उपाशी राहतो, तशा खुणा पडत जातात. एका पेशीच्या दोन झाल्या की दोन्हींत उतरतात. मुजावरबाईंनीच त्याला नाव दिलं होतं : ‘वळण’. घरच्या माणसानं लिहून दिलेल्या दिनक्रमाला म्हणत वळणपत्रक. जिवंत रुग्ण स्वतःचं पत्रक स्वतः लिहीत. वैजयंतीबाईंनी पहिल्या वर्षी लिहिलेल्या पत्रकात सगळ्या रकान्यांत एकच शब्द होता : ‘साधारण’. तेवढ्यावर चार वर्षं सरासरीनं काम चाललं होतं. कोवळा अवयव ते चालवून घेतो. पूर्ण वाढला, की आपलं वळण मागतो.

“मी वहीत चार वर्षं रोज लिहिलंय,” केतकी म्हणाली. “एक दिवस चुकवला नाही.”

“तेच तर. आम्ही पेशी घेतल्या त्यानंतरची चार वर्षं आहेत ती. ते वळण तुम्ही लावलेलं आहे. या पेशींना तुमचं पथ्य ठाऊकच नाही. त्याआधी त्यांचा दिवस कसा जायचा?”

केतकी सांगू लागली. आई साडेपाचला उठायची. अर्धा कप चहा. धुणं, डबे, देवपूजा. नऊच्या सुमारास भाकरी, आमटी. साडेनऊला बाहेर पडायची, दहाला दुकान. सव्वानऊला घरी.

डॉक्टरांचं पेन थांबलं. “दहा ते रात्री नऊ?”

“दुकानात. साड्यांच्या दुकानात गादीवर होती. साड्या दाखवायची.”

“पाणी कधी प्यायची?”

“दुकानात पीत असेल.”

“किती?”

केतकीनं आठवायचा प्रयत्न केला. तिला आईच्या हातावरच्या भाजल्याच्या खुणा आठवत होत्या, शिवणाचा डबा आठवत होता. दिवसाच्या जागी काहीच नव्हतं.

“मला माहीत नाही.”

“किती वर्षं होत्या तिथं?”

“सव्वीस.”

डॉक्टरांनी पेन मिटलं. “कुणाला तरी माहीत असेल. पण लवकर. तीन आठवड्यांच्या वर ही टिकणार नाही. आणि जिच्यासाठी ही ठरली आहे ती मुलगी एकोणतीस वर्षांची आहे. डायलिसिसच्या सुईला दोन्ही हातांत जागा उरलेली नाही, मांडीतून नळी घातली आहे. ती फार तर सहा आठवडे चालेल. जुळणारी दुसरी तयार नाही, मी सगळीकडे विचारून झालंय.”

शालनमावशी आईबरोबर एकवीस वर्षं त्याच गादीवर होती. आता गुडघ्यांनी बसली होती, सांगलीत गावभागात लेकाकडे असायची. आईच्या दहाव्याला येऊन गेली होती, पण त्या गर्दीत केतकी तिच्याशी चार शब्द बोलली नव्हती.

“आलीस होय! मला वाटलं, शिकलेली पोर, मावशीला कशाला विचारतीया.” मावशीनं खुर्चीतूनच हाक दिली. “सूनबाई, पाणी आण गं. तांब्या आण, पेला नको. बस, केते. वाळलीस किती. पुस्तकं खाऊन कुणाचं पोट भरतं व्हय?”

केतकीनं कशासाठी आले ते सांगितलं. मावशीला मूत्रपिंडाचं फारसं कळलं नाही, पण प्रश्न लगेच कळला. ती हसली.

“पाणी? गादीवर? अगं, गादीवर पाणी न्यायची सोयच नव्हती. पैठणीवर थेंब पडला तर डाग कायमचा. शेठनी पाटीच लावलेली. पाण्याचा माठ खाली, जिन्याखाली. आणि दुसरं ते,” मावशीनं करंगळी दाखवली, “चौथ्या मजल्यावर, गच्चीत. लिफ्ट गिऱ्हाइकांना. लग्नसराईत दिवसाला पन्नास खेपा बस-ऊठ करायची आणि वर चार जिने चढायचे? सांग की.”

“मग काय करायचा?”

“प्यायचंच न्हाई. प्यालं न्हाई की जायला लागत न्हाई. साधा हिशोब. नवीन पोरगी आली की पहिल्या दिवशी आम्ही तिला तेवढंच शिकवायचो. साडीची घडी मागनं. तोंडात आवळ्याची सुपारी धरायची, घसा ओला राहतो. पहिले दोन महिने डोकं धरतं, चक्कर येते. मग अंगवळणी पडतं. तुझी आई तर त्यात उस्ताद. मी तरी दुपारी एकदा चोरून घोटभर घ्यायची. वैजू? दहाला गादीवर बसली की नऊला उठली. आम्ही तिला उंट म्हणायचो.” मावशी पुन्हा हसली, मग पदरानं तोंड पुसलं. “चेष्टेत गं.”

“नऊला सुटल्यावर?”

“माठाखाली उभी राहायची आणि दोन तांबे एका दमात. गट गट गट. आवाज यायचा. सोमवारी दुकान बंद, त्या दिवशी तेवढी माणसासारखी प्यायची.”

केतकीनं हे सगळं छोट्या वहीत टिपून घेतलं. सहा आकडे, चार शब्द. मग विचारलं, कारण विचारायचं राहून जाईल असं वाटलं : “मावशी, तू चोरून घोटभर घ्यायचीस. मग तिला काय झालं होतं? एकदा वर जाऊन यायला?”

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. “तुला न्हाई माहीत?”

“काय?”

“जेवढ्या वेळा वर जाशील, तेवढ्या वेळची पाव-पाव घटका संध्याकाळी जास्त थांबायचं, असा नेम होता. घड्या घालायला, आवरायला. आम्ही जायचो, थांबायचो. उशीर झाला तर झाला. वैजूला न्हाई चालायचं. म्हणायची, पोर जेवत न्हाई गं मी गेल्याशिवाय. ताट वाढून बसती आणि तशीच झोपती. तू बारीक होतीस तवा. बाप न्हाई घरात, पोर एकटी. तिला नऊला म्हंजे नऊला सुटायचं असायचं.” मावशीनं तांब्या पुढे सरकवला. “पी की पाणी. कवाचं ठेवलंय.”

केतकीनं तांब्या उचलला आणि पाणी प्यायली. ती पाच-सहा वर्षांची असताना हट्ट करायची हे तिला माहीत होतं. आई ते कौतुकानं सगळ्यांना सांगायची. दहा वर्षांची झाली तरी तो हट्ट चालू होता, कारण आईला तो आवडतो असं तिला वाटे. बाराव्या वर्षीही. कॉलेजात जाईपर्यंत ती आईसाठी थांबत होती.

ती टिपणं केतकीनं त्याच संध्याकाळी डॉ. मुजावर यांना फोनवर कळवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तिच्यासमोर पुन्हा वाचली.

“सगळं जुळतंय,” त्या म्हणाल्या. “आता मला कळलं, त्या नळ्या इतक्या जबर का आहेत ते. साधं मूत्रपिंड पाणी परत घेतं. तुमच्या आईचं ओरबाडून घेतं. अकरा तास काही येणार नाही हे त्याला पाठ आहे. आणि आपण त्याला दर दोन तासांनी शंभर-शंभर मिली पाजतोय. ते धरून ठेवतं, धरून ठेवतं आणि सुजतं.”

“म्हणजे चांगलं झालं. कळलं.”

“कळलं.” डॉक्टरांनी कोरं वळणपत्रक पुढे ओढलं. “पण पत्रक तुम्हाला लिहून द्यावं लागेल. सही तुमची. दहा ते नऊ द्रव बंद, असं.”

केतकीला वाक्य समजायला वेळ लागला. “तुम्ही तिला पुन्हा... नाही. हळूहळू सवय मोडा. पाणी वाढवा.”

“मोडता येतं. दीड-दोन वर्षं लागतात. तेवढा वेळ तिच्याकडे नाही आणि त्या मुलीकडेही नाही.”

“त्याच सवयीनं तिच्या किडन्या गेल्या ना? खडे झाले, जंतुसंसर्ग झाला, आयुष्यभर ताप यायचा. ती म्हणायची कसर आहे. मग तेच पुन्हा करायचं?”

“तशा वळणावर ही दहा-बारा वर्षं चालेल. आपण नीट लक्ष ठेवलं तर पंधरा. आणि दयेनं वागवली तर तीन आठवडे.” डॉक्टरांचा आवाज वर गेला नाही. “मलाही पटत नाही, केतकीताई. मी मिरजेच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले. मुलींना संडास नव्हता. पाचवी ते दहावी मी शाळेत पाणी प्यायले नाही. माझी किडनी वाढवायला घेतली तर तिचंही पत्रक साधारण असंच होईल. पण पेशीला न्याय कळत नाही. तिला फक्त वेळ कळते.”

“मग मरू दे तिला,” केतकी म्हणाली. मोठ्यानं नाही. “तिला पाणी द्या. भरपूर द्या. सात आठवडे तरी मी तिच्यासमोर येऊन उभी राहतेय, काहीतरी चांगलं चाललंय तिचं असं वाटून. निदान शेवटी पोटभर पिऊन जाऊ दे.”

डॉक्टर उठल्या, टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

“ताई, तुमच्या आई गेल्या. आत आहे ती आई नव्हे. ते त्यांचं जुळवून घेणं आहे फक्त, तेवढंच उरलंय. त्यानं कुणी जगणार असेल तर बघा. नसेल लिहायचं तर मी आग्रह करणार नाही. पण त्या मुलीला आज काहीतरी सांगावं लागेल.”

“तिला माहीत आहे? दिवसभर पाणी पिता येणार नाही हे?”

“काल विचारलं. हसली. म्हणाली, मॅडम, आत्ता मला चोवीस तासांत अर्धा लिटर मिळतं, बर्फाचा खडा चोखते. रात्री दोन तांबे म्हणजे चैनच की.”

वळणपत्रक चार पानांचं होतं. तिसऱ्या पानावर रकाना होता : द्रव बंद, अमुक ते अमुक. केतकीनं आयुष्यभर पुस्तकांवर तारखा टाकल्या होत्या, तिचं अक्षर कधी हललं नव्हतं. तिनं लिहिलं : सकाळी दहा ते रात्री नऊ. सोमवार वगळून. ‘कारण, माहीत असल्यास’ असा एक रकाना होता. तिथं तिनं बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं : घरी वेळेवर जायचं असे.

पहिल्या दिवशी दहा वाजता एकोणचाळीस नंबरच्या नळ्या बंद झाल्या. केतकी रजा टाकून, डॉक्टरांची परवानगी घेऊन सकाळीच आली होती. काचेपलीकडे खालचा हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकला, मग अंतर वाढत गेलं, मग थांबला. सत्तावीस नंबरचे पोस्टमास्तर तीनला आले, त्यांनी दिव्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. त्यांना वाटलं, संपलं. केतकीनं त्यांना समजावून सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सूज उतरली. सातव्या दिवशी रंग परतला. करडा होता तो तांबूस झाला. रात्री नऊला नळ्या उघडत, तेव्हा ते मूत्रपिंड इतक्या वेगानं द्रव ओढून घेई, की यंत्राला दोन दिवस तो दोष वाटला आणि त्यानं घंटा वाजवली. दहाव्या दिवशी मुजावरबाईंनी दूरध्वनीवर सांगितलं, की आतापर्यंत केंद्रात वाढलेल्या मूत्रपिंडांत एवढं काटक दुसरं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज आनंदलेला होता, आणि त्यांना ते लक्षात येताच त्या थांबल्या.

शस्त्रक्रिया जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. ती मुलगी वाचली.

तिचं नाव सोनल जमदाडे. नावं कळवायची की नाही हे दोन्ही बाजूंनी ठरवायचं असतं. तिनं लगेच ‘हो’ कळवलं आणि पाच महिन्यांनी भेटायलाही आली. केंद्राच्या त्याच खोलीत. गोल चेहरा, गालांवर पुन्हा आलेली चकाकी, हातांवर जुन्या सुयांच्या गाठी. तिनं वाकून केतकीला नमस्कार केला, केतकीनं तिला मध्येच धरलं.

“ताई, काय बोलू सांगा. घरून आई म्हणाली, साडी घेऊन जा. मी म्हटलं, त्यांच्या आईंनी आयुष्यभर साड्याच दाखवल्या, आपण काय न्यायचं. म्हणून पेढे आणलेत.”

तिनं पेढे दिले. केतकीनं तब्येतीचं विचारलं.

“एकदम टकाटक. दोन महिने झाले, कामावर जाते. कुपवाडला औषधांच्या कंपनीत आहे, भरण विभागात. आत सगळं निर्जंतुक असतं. बाहेर पडलं तर परत सगळा पोशाख बदलायचा, हात घासायचे, हवेच्या खोलीत उभं राहायचं, चाळीस मिनिटं जातात. आधी माझा जीव जायचा. आता? दहाला आत गेले की नऊपर्यंत काही नाही. तहानच लागत नाही.”

“लागत नाही?” केतकीनं डॉक्टरांकडे पाहिलं. “प्यायचं नाही, असं ठरलं होतं. लागायची नाही, असं नाही.”

मुजावरबाई खुर्चीत मागे टेकल्या. “तहान लागते डोक्यात. पण तिची वर्दी पुष्कळदा मूत्रपिंडाकडून जाते. पाणी कमी पडलं, की तिथून एक रसायन सुटतं आणि निरोप वर पोचतो. या पेशींनी निरोप धाडायचं सोडलंय. वर्षानुवर्षं कुणी ऐकलं नाही, की माणूसही सांगायचं सोडतं, तसं काहीसं. रात्री नऊला मात्र जोरात लागते. हो ना गं?”

“बापरे! तांब्याच तोंडाला लावते,” सोनल हसली. “घरचे म्हणतात, उंट.”

केतकीनं हातातला पेढा खाली ठेवला.

सोनल चारला गेली, तिची बस होती. ती गेल्यावर डॉक्टरांनी खणातून एक जाड पाकीट काढलं, पण लगेच पुढे केलं नाही.

“आमच्याच दोन मुलांनी हे शोधून काढलं. मी त्यांना थांबवायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एखाद्या मूत्रपिंडाच्या खुणा तशाच्या तशा दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या मूत्रपिंडावर उमटवता येतात. शस्त्रक्रिया नाही, काही नाही. दीड महिन्यात सहा इंजेक्शनं. वाळवंटात काम करणारे, अवकाशात जाणारे, असल्या माणसांसाठी म्हणून त्यांनी तो विचार केला.” त्या थांबल्या. “पहिलं पत्र कुपवाडहून आलं. सोनल वेळेत काम उरकते हे त्यांनी पाहिलं. त्यांना ते वळण पाहिजे. नावानिशी मागितलंय : खटावकर वळण. पत्रक तुमच्या सहीचं, म्हणून परवानगी तुमची लागते.”

“धडधाकट माणसांना?”

“हो.”

“आणि दहा-बारा वर्षांनी त्यांच्या किडन्या गेल्या की?”

“ते त्यांनी लिहिलंय. नवीन वाढवून देण्याचा करार ते आमच्याशीच करतील. चार वर्षं आधी पेशी घेऊन ठेवायच्या.” डॉक्टरांनी डोळे मिटून चोळले. “तुम्ही नाही म्हटलंत तर मी आनंदानं तसं कळवेन. ते दुसरं कुणाचं तरी वळण शोधतील. असल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत.”

“त्या कामगारांना विचारलंय का कुणी? का परस्पर ठरवलंय?” केतकीचा आवाज आता चढला. कुणावर तरी चिडता येईल, असं सापडल्यासारखं तिला वाटलं. “त्यांच्या युनियनला पत्र लिहू आपण. मी स्वतः लिहीन. त्या बायकांना हे काय आहे ते कळलं पाहिजे.”

“त्यांना कळलंय. सोनलनंच सगळं सांगितलंय, आईंचं, दुकानाचं, खड्यांचं, सगळं. पाकिटात त्यांचाच अर्ज आहे. वाचा.”

केतकीनं पाकीट उघडलं. कंपनीचं पत्र वर होतं, छापील, दीड पानाचं. त्याखाली वहीचे फाडलेले रेघांचे कागद टाचून लावलेले. अर्ज हातानं लिहिलेला होता, अक्षर वळणदार, शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलीचं असावं तसं. खाली एकाखाली एक दोनशे चौदा नावं आणि प्रत्येक नावापुढे सही. केतकी ती एकेक करून वाचत गेली. सगळ्या सह्या वेगवेगळ्या हातांच्या होत्या. कुणी घाईत केलेली, कुणी नाव पूर्ण लिहून खाली रेघ ओढलेली, दोन ठिकाणी अंगठे. जबरदस्तीची अशी एकही दिसत नव्हती. शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ वेगळ्या शाईत होती, सगळ्यांच्या सह्या झाल्यावर कुणाला तरी सुचल्यासारखी :

‘पुढील महिन्यापासून पाळी बारा तासांची होणार आहे, तरी त्याआधी इंजेक्शने सुरू करावीत, ही नम्र विनंती.’